मजीदनं मान वर केली की...

प्रश्न विट्याहून आलाय, एका तरुण फुटबॉल प्रशिक्षकाचा. थोडक्यात असा: "सर, आमच्या इथं पारावर बसणारी, सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली म्हातारी माणसं पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या कुणा मजीद नावाच्या इराणी खेळाडूचं नाव अजून काढतात. मोबाइलवर मेस्सी दाखवला तरी 'मजीद बघायला पायजे होतास' म्हणतात. खरंच तो एवढा मोठा होता, की हे आपलं म्हाताऱ्यांचं कवतिक? आणि दुसरं म्हणजे, माझ्याकडे चौदा वर्षांचा एक पोरगा आहे. पायात जादू आहे, पण सरावाला वेळेवर येत नाही, बॉल गेला की मागं पळत नाही. बाकीची पोरं कुरकुरतात. ठेवू की काढू?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, त्यामुळं तोडून उत्तर देत नाही. पस्तीस वर्षं मिरज-सांगलीच्या मैदानांवर मी पोरं घडवली, काही बिघडवलीही. आणि ज्या पारावरच्या म्हाताऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातले एक माझे सख्खे थोरले मामा आहेत, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी काही त्रयस्थ नाही.

खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली हे तुम्हाला सांगायला नको. मामा 1974 साली कोलकात्याला गेले. बहूबाजारातल्या एका बोळात भट्टी, वर माळ्यावर सहा जण झोपायला. दिवसभर मूस आणि तेजाबाचा वास. संध्याकाळी मोकळी हवा खायची तर मैदान, आणि तिथं गेलं की फुटबॉल. मोहन बागान की ईस्ट बंगाल, हे त्या शहरात ठरवावंच लागतं. मामांनी ईस्ट बंगाल धरला. का, तर फाळणीत पलीकडून घरदार सोडून आलेल्यांचा तो क्लब. "ती बी गाव सोडून आल्याली, आमी बी," एवढंच त्यांचं कारण. माळकरी माणूस, मासळीला शिवत नाही, पण ईस्ट बंगाल जिंकला की दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन हिल्साचा भाव किती चढला ते विचारून यायचा.

आता मजीद. मजीद बासकर, कुणी बिश्कर म्हणतं. इराणमधल्या खोर्रमशहरचा. अलिगढच्या विद्यापीठात शिकायला आला, बरोबर जमशीद नासिरी. 1980 च्या हंगामाआधी ईस्ट बंगालचे बरेच नावाजलेले खेळाडू क्लब सोडून गेले होते. संघ उघडा पडला होता, प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. अशा वेळी ही इराणी पोरं आली आणि पडत्या घराला टेकू मिळाला. त्या वर्षी फेडरेशन कप मोहन बागानबरोबर वाटून मिळाला. मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कपही मोहम्मेडन स्पोर्टिंगबरोबर वाटून घ्यावा लागला. म्हणजे कागदावर बघाल तर दोन अर्धे कप. 1982 साली मजीद स्वतःच मोहम्मेडनमध्ये गेला, पुढं खेळ उतरला, मैदानाबाहेरचं जगणं विस्कटलं आणि काही वर्षांत तो इराणला परतला. खरा बहराचा काळ मोजून दोन हंगाम.

एवढ्यावर कुणाला थोर म्हणायचं का, हा तुमचा प्रश्न. मीही मामांना तोच विचारायचो, आणि बराच खवचटपणे. तेव्हा त्यांनी एकदा मला दाखवलं.

विट्यातल्या घराच्या सोप्यावर बसलो होतो, मामा आणि त्यांचे कोलकात्यातले दोन भिडू. मामांनी पानपुडा उघडला. अडकित्ता म्हणजे मजीद. चार सुपाऱ्या म्हणजे समोरचे बचावपटू. चुन्याची डबी म्हणजे जमशीद. तंबाखूची चिमूट बॉल. "हितनं बॉल आला," म्हणत त्यांनी चिमूट सरकवली. लगेच दुसरा म्हातारा म्हणाला, "हितनं न्हवं, डावीकडनं." तिसऱ्यानं चुन्याची डबीच उचलून पलीकडं ठेवली. अर्धा तास भांडण. अडकित्ता कुठं होता यावर तिघांचं एकमत झालं नाही, सामना कुणाविरुद्ध होता यावरही नाही. पण एका गोष्टीवर तिघंही एकाच वेळी बोलले: बॉल पायात यायच्या आधी मजीदची मान वर असायची. "बॉलकडं बघायचाच न्हाई रं त्यो. आदी सगळं बघून ठेवायचा, मग बॉल घ्यायचा. आनि मान वर केली की आमी हितं उभं ऱ्हायचो, कारन आता काय तरी हुनार."

मी तिथं गप्प झालो. बॉल मिळण्याआधी आजूबाजूला नजर फिरवणं, ही गोष्ट आज आम्ही प्रशिक्षणवर्गात वेगळा धडा म्हणून शिकवतो. आपल्याकडची नव्वद टक्के पोरं बॉल येताना बॉलकडं बघतात, पायात घेतात, मग मान वर करतात, आणि तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. हे तीन गलाईवाले, ज्यांनी आयुष्यात कधी बूट घालून फुटबॉल खेळला नाही, त्यांनी ते गर्दीत उभं राहून ओळखलं होतं आणि पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. बाकी सगळं धुऊन गेलं, तेवढं राहिलं. त्यामुळं कवतिक आहेच, पण पोकळ नाही.

मी मिरजेचा, म्हणून मला हे गाण्यावरून कळतं. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत रात्र-रात्र गाणं चालतं. तिथला जुना श्रोता तुम्हाला अमका किती वेळ गायला, कुठले राग गायला हे सांगणार नाही. तो सांगेल, "अमक्या साली पहाटे पहाटे त्यांनी अशी एक जागा घेतली..." आणि हात हवेत फिरवून दाखवेल. त्याला सूर लावता येत नसेल, पण जागा नेमकी कुठं होती ते तो विसरलेला नसतो. फुटबॉलच्या अशा अवलिया खेळाडूंचं तेच. संघाचे कप क्लबच्या कपाटात राहतात. खेळाडूनं घेतलेली जागा बघणाऱ्याच्या अंगात राहते.

पण बघणाऱ्याला एक गोष्ट दिसत नाही, आणि प्रशिक्षकाला ती दिसलीच पाहिजे. ती म्हणजे त्या खेळाडूच्या पाठीमागं कोण उभं आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण गॅरिंचाचं. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक आखूड. असा माणूस ब्राझीलचा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारा. 1958 च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत त्याला बसवून ठेवलं होतं. तिसऱ्या सामन्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध, तो आणि पेले दोघंही उतरले. सुरुवातीच्या मिनिटातच गॅरिंचानं बचावपटूला चकवून बॉल खांबावर मारला, पाठोपाठ पेलेनं आडव्या दांडीवर, आणि तिसऱ्या मिनिटाला वावानं गोल केला. ती तीन मिनिटं फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम असं म्हणणारे आजही आहेत. 1962 ला चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, तेव्हा गॅरिंचानं संघ ओढून कपापर्यंत नेला. ब्राझीलकडून तो पन्नास सामने खेळला आणि फक्त एक हरला, तोही शेवटचा, 1966 ला हंगेरीविरुद्ध.

लोक हे सगळं सांगतात. झागालोचं नाव कुणी काढत नाही. तो याच संघात डावीकडं होता, आणि बॉल गेला की मुकाट्यानं मधल्या फळीत उतरायचा. कागदावर चार-दोन-चार (मागं चार, मध्ये दोन, पुढं चार) अशी असलेली रचना त्याच्या त्या पळण्यानं चार-तीन-तीन व्हायची. डावीकडचा विंगर मागं पळत होता म्हणून उजवीकडच्याला पुढं उभं राहून बचावपटूची गंमत करता येत होती. गॅरिंचाला कुणी मागं पळायला लावलं नाही याचं कौतुक जरूर करा, पण ते पळणं कुणाच्या तरी वाट्याला गेलंच होतं.

मैदानावर गॅरिंचाची पाठ राखली गेली. मैदानाबाहेर कुणी राखली नाही. दारूनं शरीर पोखरलं आणि 1983 च्या जानेवारीत, एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला.

मजीदचं तर आणखी वेगळं. 1980 च्या सप्टेंबरात इराण-इराक युद्ध पेटलं आणि ऑक्टोबर संपता संपता त्याचं खोर्रमशहर इराकी फौजांच्या हाती गेलं. ते सुटलं 1982 च्या मे महिन्यात. म्हणजे कोलकात्यातल्या ज्या काळाबद्दल म्हातारे बोलतात, त्यातला बराचसा काळ त्या पोराच्या गावाला वेढा आणि कब्जा होता. संध्याकाळी हजारो माणसं नावानं ओरडायची आणि रात्री खोलीवर परत आल्यावर घरची बातमी नाही. तेव्हा क्लबांकडं ना असं काही सांभाळणारी माणसं होती, ना तशी रीत. मी यावरून कुठला वैद्यकीय निष्कर्ष काढत नाही. पण "पोरगं वाया गेलं" असं पारावर कुणी म्हणालं की मला राग येतो. मामांना हे युद्धाचं मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाला त्या टायमाला कुनी सांगितलंच न्हाई."

जमशीद मात्र भारतातच राहिला. कोलकात्यात संसार केला, गोलांची रास लावली, पुढं प्रशिक्षकही झाला. त्याचा पोरगा कियान 2022 च्या जानेवारीत बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्यानं एकाच सामन्यात तीन गोल केले. गंमत अशी की ते त्यानं मोहन बागानच्या संघाकडून ईस्ट बंगालवर केले. मामांनी टीव्ही बंद केला आणि जेवायला बसले. पण बघा, पारावर जमशीदचं नाव निघतं ते फक्त चुन्याची डबी म्हणून. सगळ्यात जास्त टिकला तो, आणि आठवण मात्र दोन हंगाम चमकून गेलेल्याची. लोकांच्या आठवणीत न्याय वगैरे काही नसतो.

इंग्लंडचा मॅट ल टिसिए हा तिसऱ्याच जातीचा. पळायचा कंटाळा, तंदुरुस्तीच्या नावानं शंख, पण बॉल पायाशी आला की बाकीचे बाहुल्यांसारखे दिसायचे. साउथॅम्प्टनसाठी घेतलेल्या 48 पेनल्टींपैकी 47 गोल. मोठ्या क्लबांची बोलावणी असताना सोळा हंगाम त्याच एका छोट्या क्लबात काढले, इंग्लंडकडून जेमतेम आठ सामने. सांगलीकराला हा माणूस कळायला हवा. आपल्याकडंही पुण्याला गेला असता तर कुठल्या कुठं पोचला असता असं ज्याच्याबद्दल म्हणतात, असा एक जण दर गल्लीत असतोच. 2001 च्या मे महिन्यात त्यांच्या जुन्या द डेल मैदानावर शेवटचा लीग सामना आर्सेनलशी झाला. 3-2 असा जिंकला, आणि शेवटचा गोल त्याचाच. असा निरोप सगळ्यांच्या नशिबात नसतो.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्या पोराकडं वळता येईल.

नव्वदच्या दशकात माझ्याकडं तासगाव तालुक्यातला एक पोरगा होता. डावखुरा, सडपातळ. बॉल तळपायाखाली घ्यायचा आणि थांबायचा. नुसता थांबायचा. समोरचा पुढं यावा म्हणून वाट बघायचा, आणि त्यानं पाय टाकला की त्याच पायाच्या बाजूनं निघून जायचा. मी तसं थांबणं नंतर कुणात पाहिलं नाही. डिसेंबरातल्या एका स्पर्धेसाठी सराव चालू होता आणि हा रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उशिरा. अंगाला औषधाचा वास, बोटांना डाग. दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर यादीतून नाव काढलं. त्यानं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बूट पिशवीत घातले आणि गेला.

दोन वर्षांनी त्याच्या गावातल्या एकाकडून कळलं. द्राक्षबागेत डिपिंग चालू होतं. घड एक एक करून औषधात बुडवायचे, दिवस मावळेपर्यंत. त्या हजेरीवर घर चालत होतं, आणि काम सुटलं की तो सायकल मारत मैदानावर यायचा. शिस्तीचा मला फार अभिमान होता त्या काळी. आता वाटतं, एकदा "बोटाला काय लागलंय?" एवढं तरी विचारायला हवं होतं. तो परत कधी खेळला नाही.

म्हणून तुमच्या पोराबद्दल पहिलं: काढू नका, आणि आधी तो उशिरा का येतो ते बघून या. त्याला विचारू नका, चौदा वर्षांचं पोर खरं सांगत नाही. घरी जा. चहा घ्या. दहा मिनिटांत कळतं.

मैदानावर मी असं करतो. स्वतःच्या गोलजवळच्या पट्ट्यात अशा पोराला दोन स्पर्शांत बॉल सोडायचा नियम, तिथं नखरे नाहीत. मधल्या पट्ट्यात समोर जागा असेल तरच पुढं घुसायचं. शेवटच्या पट्ट्यात, समोरच्याच्या गोलपाशी, त्याला वाट्टेल ते करू द्या. चार वेळा बॉल गेला तरी ओरडायचं नाही. त्याला तिथंही "पास दे, पास दे" करत राहिलात तर सहा महिन्यांत तुमच्याकडं आणखी एक साधारण खेळाडू तयार होईल.

मागं पळण्याचं म्हणाल तर पूर्ण मैदान मागू नका, मिळणार नाही. बॉल ज्या क्षणी गेला त्या क्षणापासून पाच पावलं, जीव खाऊन, एवढंच मागा. पाच पावलांत बॉल परत मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी समोरच्याचा पहिला पास चुकीचा जातो. त्यानंतर त्याला चालू द्या. हे बहुतेक पोरांना पटतं, कारण बॉल परत मिळवण्यात त्यांना स्वतःचाच फायदा दिसतो.

मान वर करण्याचं मजीदचं कौशल्य शिकवता येतं, हे मामांना अजून पटत नाही, पण येतं. पोराच्या पाठीमागं एकाला उभं करायचं, त्यानं हाताची बोटं वर धरायची, कधी दोन, कधी चार. समोरून पास निघाला की बॉल पायात यायच्या आत पोरानं मागं नजर टाकून आकडा ओरडायचा. नाही ओरडला तर बॉल परत. पहिल्या आठवड्यात सगळे बॉल सोडतात, हसतात, वैतागतात. महिन्याभरानं आपोआप मान फिरायला लागते.

आणि त्याच्या पाठीमागं तुमच्या संघातला सगळ्यात कष्टाळू पोरगा उभा करा. कुरकुर करणाऱ्यांतलाच एखादा असेल तर उत्तम. गोल जादूगारानं केला तरी तुम्ही मैदानाबाहेरून पहिलं नाव त्या मागच्या पोराचं ओरडा. हे तुम्ही केलं नाहीत तर कुणीच करणार नाही, कारण आपल्याकडचा माइक तुम्हाला माहीत आहे. "अमक्या अमक्यांकडून आपल्या लाडक्या खेळाडूला पाचशे एक रुपये!" चौदा वर्षांच्या पोराच्या हातात सगळ्यांसमोर नोट येते, आणि ज्यानं बॉल हिसकावून त्याला दिला तो गुडघ्याची माती झटकत उभा असतो. माझ्याकडं नियम होता: बक्षिसाची नोट थेट संघाच्या डब्यात, त्यातून ज्याचे बूट फाटलेत त्याला बूट. एकदा एका पोराच्या वडलांनी यावरून मैदानात तमाशा केला. नियम बदलला नाही.

शेवटी 2019 चं सांगतो, कारण मामांनी तुम्हाला ते सांगितलं नसणार. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आमच्या घरात कमरेएवढं. आम्ही सगळे मामांकडं विट्याला येऊन राहिलो होतो. त्याच दिवसांत ईस्ट बंगालच्या शताब्दीसाठी मजीद इतक्या वर्षांनी कोलकात्याला आला. रात्री विमानतळावर हजारो माणसं जमली होती, त्यात निम्मी तरी तो खेळून गेल्यानंतर जन्मलेली. माझ्या मुलानं मोबाइलवर ती चित्रफीत लावून मामांपुढं धरली. गर्दीत साठी ओलांडलेला एक माणूस. मामांनी चष्मा पुसला. "ह्यो न्हवं," म्हणाले. मुलगा म्हणाला, "आजोबा, नाव लिहिलंय खाली." मामांनी मोबाइल जवळ घेतला, परत परत लावायला सांगितला. चौथ्यांदा का पाचव्यांदा त्या माणसानं कुणाच्या तरी हाकेवर वर बघितलं.

"थांब थांब," मामा म्हणाले. "मान बग. त्योच हाय."

पुढच्या रविवारी मी विट्याला येतोय. पोराला सकाळी पारावर घेऊन या, बुटासकट. म्हातारे अडकित्ता मांडून दाखवतील. चुन्याची डबी कुठं ठेवायची यावरून भांडण लागेल, त्यात पडू नका.